रिलीफ सोसायटी आणि एमेलिन वेल्स : एका स्त्रीसंस्थेचा इतिहास

इसवी सन १८४२ च्या मार्च महिन्याच्या १७ तारखेस, अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी नव्यानेच वसलेल्या नॉव्हू नगरात, मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या लाल विटांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर वीस स्त्रिया एकत्र जमल्या आणि पुढे ‘रिलीफ सोसायटी’ या नावाने विख्यात झालेल्या संस्थेची तेथे स्थापना झाली. निमित्त साधेच होते. नगरात पंथाच्या मंदिराचे बांधकाम चालू होते आणि त्यावर राबणाऱ्या कारागिरांच्या अंगावर धड सदरे नव्हते. तेव्हा सारा किंबॉल या सधन गृहिणीने कापड पुरवावे आणि मार्गारेट कुक या शिवणकाम करणाऱ्या बाईने सदरे शिवावेत, असा बेत ठरला. शेजारपाजारच्या स्त्रियांना तो कळताच एक रीतसर मंडळ काढण्याची कल्पना पुढे आली, आणि एलायझा स्नो या विदुषीने त्याच्या घटनेचा मसुदा तयार केला. जोसेफ स्मिथ यांनी या मंडळास पंथाच्या व्यवस्थेतच स्थान दिले. त्यांच्या पत्नी एमा स्मिथ यांची अध्यक्षपदी निवड झाली, एलिझाबेथ ॲन व्हिटनी त्यांच्या एक सहायक झाल्या आणि एलायझा स्नो चिटणीस. दोन वर्षांच्या आत सभासदांची संख्या तेराशेच्या वर गेली.

या संस्थेच्या इतिहासाचा विचार करताना एक गोष्ट प्रथमपासूनच ध्यानात ठेवावी लागते. पहिल्या सभेपासून तिचे इतिवृत्त लिहिले गेले. कोणी कोणत्या गरजू कुटुंबाची वार्ता आणली, कोणी किती वर्गणी दिली, कोणता ठराव कोणी मांडला, याची नोंद एलायझाबाईंच्या हस्ताक्षरात त्या वहीत राहिली. जोसेफ स्मिथ यांचा १८४४ च्या जून महिन्यात जमावाकडून वध झाला, पंथावर आपत्ती कोसळली, सोसायटीच्या आधीच थांबलेल्या सभा बंदच राहिल्या आणि १८४६ साली सारा समाज नॉव्हू सोडून पश्चिमेकडे निघाला. त्या प्रवासात एलायझाबाईंनी ती वही जपून बरोबर नेली. पुढे वीस वर्षांनी संस्थेचे पुनरुज्जीवन करण्याची वेळ आली, तेव्हा संस्था कशी असावी याचा आधार त्या वहीतच सापडला. दप्तर जतन झाले म्हणून परंपरा जतन झाली, आणि ज्या स्त्रीने पुढे हे दप्तर सांभाळण्याचे व्रत आजन्म पाळले, तिचे चरित्र या संस्थेच्या इतिहासापासून वेगळे काढता येत नाही. ती स्त्री म्हणजे एमेलिन वेल्स.

पूर्वायुष्य

एमेलिन ब्लांच वुडवर्ड यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील पीटरशॅम या गावी २९ फेब्रुवारी १८२८ रोजी झाला. न्यू सेलम येथील विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले, आणि वयाची पंधरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच त्या शिक्षिका होण्यास योग्य ठरल्या. १८४२ साली त्यांनी मॉर्मन पंथाची दीक्षा घेतली, पुढील वर्षी जेम्स हॅरिस या तरुणाशी त्यांचा विवाह झाला आणि १८४४ च्या वसंत ऋतूत हे दांपत्य नॉव्हूस येऊन पोहोचले. तेथे त्यांना पुत्र झाला आणि तो काही आठवड्यांतच दगावला; पती उपजीविकेच्या शोधात नदीमार्गे गेले ते परत आलेच नाहीत. सोळा वर्षांच्या त्या मुलीपाशी परक्या नगरात नातलग नव्हते, द्रव्य नव्हते. होती ती केवळ विद्या. त्या शाळा शिकवू लागल्या, आणि १८४५ साली पंथातील बहुपत्नीकत्वाच्या चालीनुसार नेवेल व्हिटनी या वयाने बऱ्याच मोठ्या धर्माधिकाऱ्यांशी त्यांचा विवाह झाला. सोसायटीच्या पहिल्या कार्यकारिणीतील एलिझाबेथ ॲन व्हिटनी याच या घरच्या थोरल्या पत्नी. संस्थेच्या आरंभकाळाशी एमेलिनबाईंचा संबंध अशा रीतीने घरातूनच जुळला.

सुमारे एक हजार मैलांचे मैदानी अंतर तोडून १८४८ साली त्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात आल्या. दोन वर्षांनी व्हिटनी निवर्तले, आणि दोन लहान मुली पदरी असलेल्या एमेलिनबाई पुन्हा शाळेच्या नोकरीवर राहू लागल्या. १८५२ साली त्यांनी स्वतः पत्र लिहून डॅनियल वेल्स यांच्यापुढे विवाहाचा प्रस्ताव ठेवला आणि त्या त्यांच्या सातव्या पत्नी झाल्या. वेल्स हे पुढे सॉल्ट लेक नगराचे महापौर आणि जोसेफ स्मिथ यांच्यानंतरचे पंथाध्यक्ष ब्रिगॅम यंग यांच्या सल्लागारमंडळातील अधिकारी झाले. अशा पुरुषाचा वेळ राज्यकारभार, पंथकार्य आणि अनेक संसार यांत विभागलेला असणे अपरिहार्य होते. एमेलिनबाई वेगळ्या घरात आपल्या मुलींसह राहत. या विवाहापासून त्यांना आणखी तीन मुली झाल्या, त्यांपैकी दोघींचा मृत्यू त्यांना पाहावा लागला. बहुपत्नीकत्वाचे त्यांनी चारचौघांत आणि लेखांतून आयुष्यभर समर्थन केले. परंतु त्यांच्या रोजनिशीत पतीच्या सहवासासाठी झुरणाऱ्या एका एकाकी स्त्रीचा कंठ वारंवार ऐकू येतो. या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि एकीने दुसरीस खोटे पाडले असे समजण्याचे कारण नाही. जी व्यवस्था ईश्वरी आज्ञा म्हणून त्यांनी स्वीकारली होती, तिचे मोल त्यांनी स्वतःच्या आयुष्याने चुकविले. आणि स्त्रीने आपल्या पायांवर उभे राहण्यास शिकले पाहिजे, हा त्यांच्या लेखणीचा कायमचा आग्रह त्या अनुभवातूनच आला. पुढे वेल्स यांची सांपत्तिक स्थिती खालावली आणि एमेलिनबाईंना राहते घर सोडावे लागले, तेव्हा तर हा आग्रह त्यांच्या दैनंदिन निर्वाहाचाच प्रश्न होऊन बसला.

पुनरुज्जीवन, पत्र आणि धान्यकोठार

ब्रिगॅम यंग यांनी १८६७-६८ च्या सुमारास सोसायटीची पुनर्घटना करण्याचे ठरविले आणि ते काम एलायझा स्नो यांच्याकडे सोपविले. नॉव्हूची ती वही हाती घेऊन एलायझाबाई गावोगाव फिरल्या आणि प्रत्येक वस्तीत शाखा उभी राहिली. सॉल्ट लेक नगरातील पंधराव्या विभागात सारा किंबॉल यांनी सोसायटीच्या मालकीच्या सभागृहाचा पाया १८६८ साली घातला. खाली दुकान आणि वर सभागृह अशी त्याची रचना होती. स्त्रियांनी स्वतःची मिळकत करावी, तिचा जमाखर्च स्वतः ठेवावा आणि ती स्वतःच्या नावे सांभाळावी, हा धडा तेथून सुरू झाला. १८८२ मध्ये ‘डेझरेट हॉस्पिटल’ सुरू झाले, तेही याच स्त्रियांच्या उद्योगाने. रोमानिया प्रॅट, एलिस शिप यांसारख्या पूर्वेकडील महाविद्यालयांतून वैद्यकीय पदवी घेऊन परतलेल्या स्त्रियांनी तेथे रुग्ण तपासले आणि सुइणींना शिक्षण दिले.

१ जून १८७२ रोजी ‘वुमन्स एक्स्पोनंट’ हे पाक्षिक निघाले. आठ पृष्ठे, दोन डॉलर वार्षिक वर्गणी, आणि संपादिका तेवीस वर्षांची लुईसा ग्रीन ही अविवाहित तरुणी, असा त्याचा आरंभ होता. एमेलिनबाईंनी पुढील वर्षापासून ‘ब्लांच बीचवुड’ या टोपणनावाने त्यात लेख देण्यास सुरुवात केली, १८७७ साली त्या संपादिका झाल्या आणि १९१४ साली पत्र बंद होईपर्यंत, म्हणजे सदतीस वर्षे, त्याच पदावर राहिल्या. सोसायटीचे हे अधिकृत मुखपत्र नव्हते आणि त्याचा तोटा भरून काढण्यास कोणतीही तिजोरी बांधलेली नव्हती. वर्गणीदारांच्या पैशावर आणि संपादिकेच्या चिकाटीवर ते चालले. तरीही सोसायटीच्या शाखांचे अहवाल, दूरच्या खेड्यातील सभेचा वृत्तांत, प्रसूतिकाळच्या आरोग्यावरील सूचना, मृत सभासदांची चरित्रे, आणि वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, लंडन येथील स्त्रीहक्कांच्या चळवळीची वार्ता हे सारे त्यात शेजारी शेजारी छापले जाई. १८७९ पासून पत्राच्या शिरोभागी आपल्या पंथाच्या स्त्रियांच्या हक्कांबरोबर सर्व राष्ट्रांतील स्त्रियांच्या हक्कांचाही उच्चार होऊ लागला. पर्वतांनी वेढलेल्या मुलखातील शेतकऱ्याच्या पत्नीस आपण जगातील एका मोठ्या प्रश्नाच्या भागीदार आहोत, असे वाटू लागले ते या पत्रामुळे.

या संपादकीय लेखणीची परीक्षा एका व्यवहारी प्रसंगी झाली. दुष्काळाच्या दिवसांसाठी धान्य साठवावे, असा ब्रिगॅम यंग यांचा जुना आग्रह होता. पुरुषांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही, तेव्हा १८७६ साली त्यांनी हे काम स्त्रियांना सांगितले आणि त्याचे नेतृत्व एमेलिनबाईंवर सोपविले. एमेलिनबाईंनी प्रथम काय केले, तर पत्रातून लिहिले. शाखाशाखांतून समित्या झाल्या. पीक निघालेल्या शेतांतून स्त्रियांनी उरलेली कणसे वेचली, विणलेल्या वस्तू विकून गहू घेतला, कोठारे बांधली, आणि किडीपासून धान्य कसे राखावे याची एकमेकींस माहिती दिली. ही कोठारे केवळ पंथापुरती राहिली नाहीत. १९०६ च्या भूकंपाने सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झाले तेव्हा त्या शहरास पीठ गेले, पुढील वर्षी चीनमधील दुष्काळग्रस्तांसही गेले. आणि पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, अमेरिकेच्या सरकारला सोसायटीने दोन लक्ष बुशेलांहून अधिक गहू विकला. त्या निधीच्या व्याजातून पुढे माता आणि बालके यांच्या आरोग्याचे कार्य चालले. १९१९ च्या सप्टेंबरात अध्यक्ष वुड्रो विल्सन सॉल्ट लेक नगरास आले, तेव्हा ते आणि त्यांच्या पत्नी एक्क्याण्णव वर्षांच्या एमेलिनबाईंस भेटले आणि या गव्हाबद्दल त्यांनी राष्ट्राच्या वतीने आभार मानले.

मताधिकार : मिळालेला, गेलेला आणि मिळविलेला

सॉल्ट लेक नगर ज्या युटा मुलखात होते, तेथील स्त्रियांस मताधिकार मिळाला तो १२ फेब्रुवारी १८७० रोजी. वायोमिंगने तत्पूर्वी दोन महिने हा कायदा केला होता. परंतु प्रत्यक्ष मतदान आधी घडले ते युटामध्ये, कारण कायद्यावर सही झाल्यानंतर दोनच दिवसांनी सॉल्ट लेक नगराची निवडणूक होती आणि सेराफ यंग या शिक्षिकेने तीत पहिले मत दिले. हा अधिकार स्त्रियांनी दीर्घकाल झगडून मिळविला होता असे म्हणता येत नाही. वॉशिंग्टनमधील काहींची अटकळ अशी होती की स्त्रियांच्या हाती मत आले तर त्या बहुपत्नीकत्वाचा स्वतःच निकाल लावतील. तर मॉर्मन पुढाऱ्यांना आपल्या स्त्रिया गुलाम नाहीत हे जगाला दाखवायचे होते. त्याच वर्षीच्या जानेवारी महिन्यात सॉल्ट लेकच्या टॅबरनॅकल या पंथाच्या सभागृहात हजारो स्त्रियांनी सभा भरवून काँग्रेसपुढील बहुपत्नीकत्वविरोधी विधेयकाचा निषेध केला होता, आणि व्यासपीठावर त्या दिवशी स्त्रियाच बोलल्या होत्या. त्या सभेची व्यवस्था केली ती सोसायटीच्या स्त्रियांनी.

मताधिकार हाती आल्यावर युटातील स्त्रियांनी बहुपत्नीकत्वाविरुद्ध मते दिली नाहीत, त्यामुळे वॉशिंग्टनमधील अटकळ फसली आणि दिलेले परत घेण्याची भाषा सुरू झाली. १८७९ च्या जानेवारीत एमेलिनबाई झायना यंग विल्यम्स यांच्यासह राष्ट्रीय मताधिकार संघटनेच्या अधिवेशनास वॉशिंग्टन येथे गेल्या. त्यांनी अध्यक्ष रदरफर्ड हेज यांची भेट घेतली, त्यांच्या पत्नी लूसी हेज यांचीही घेतली, आणि काँग्रेसपुढे आपली दरखास्त दाखल केली. त्याच महिन्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने बहुपत्नीकत्वाविरुद्ध निर्णय दिला होता. अशा वेळी मॉर्मन स्त्रियांस आपल्या व्यासपीठावर बसविणे अनेक सुधारकांना परवडण्यासारखे नव्हते. सुसान अँथनी आणि एलिझाबेथ स्टँटन या संघटनेच्या पुढाऱ्यांनी मात्र स्त्रीचा हक्क तिच्या धर्मावर अवलंबून नसतो, या भूमिकेने त्यांचे स्वागत केले, आणि या भेटीतून अँथनीबाई आणि एमेलिनबाई यांचा आमरण स्नेह जडला.

तथापि काँग्रेसने केलेल्या १८८७ च्या एडमंड्स-टकर कायद्याने युटातील सर्व स्त्रियांचा मताधिकार काढून घेतला. यात मॉर्मन आणि मॉर्मनेतर असा भेद नव्हता. बहुपत्नीकत्वाच्या घरातील आणि त्या चालीस विरोध करणारी, दोघीही एकाच कलमाने मतहीन झाल्या. वॉशिंग्टनच्या वकील बेल्व्हा लॉकवुड यांनी या अन्यायाविरुद्ध जोराने दाद मागितली, परंतु उपयोग झाला नाही. सतरा वर्षे भोगलेला हक्क एका लेखणीच्या फटकाऱ्याने गेला. कारण तो ज्यांनी दिला होता त्यांच्या हिशेबाशी तो बांधलेला होता.

येथून पुढचा अध्याय निराळा आहे. १८८९ च्या आरंभी युटा स्त्री मताधिकार संघ स्थापन झाला आणि त्याच्या शाखा परगण्यापरगण्यांत पसरल्या. त्या इतक्या थोड्या काळात पसरू शकल्या, कारण प्रत्येक गावात सभा भरविणे, ठराव मांडणे, इतिवृत्त लिहिणे, वर्गणी गोळा करणे या गोष्टी जाणणाऱ्या स्त्रिया आधीच होत्या. वीस वर्षे सोसायटीने त्यांना ते शिक्षण दिले होते आणि ‘एक्स्पोनंट’ने ते वाचून दाखविले होते. १८९० साली पंथाध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी नवे बहुपत्नीक विवाह बंद करण्याचे जाहीर केले, त्यामुळे मोठा अडसर दूर झाला. १८९३ साली एमेलिनबाई संघाच्या अध्यक्ष झाल्या. १८९५ च्या मार्चमध्ये नव्या राज्याची घटना तयार करण्यासाठी परिषद भरली, तेव्हा ब्रिगॅम रॉबर्ट्स यांच्यासारख्या प्रभावी वक्त्याने, मताधिकाराचे कलम घातल्यास राज्याचा दर्जाच धोक्यात येईल, असा युक्तिवाद करून विरोध केला. परिषदेतील दुसरे प्रतिनिधी ऑर्सन व्हिटनी यांनी तितक्याच समर्थपणे त्याचे खंडन केले. सभागृहाबाहेर स्त्रियांच्या सह्यांचे अर्ज येत राहिले. कलम मंजूर झाले. मे महिन्यात अँथनीबाई आणि चळवळीतील त्यांच्या सहकारी ॲना शॉ स्वतः सॉल्ट लेक येथे आल्या आणि एमेलिनबाईंच्या अध्यक्षतेखालील संघाने त्यांचा गौरव केला. नोव्हेंबरात मतदारांनी घटना स्वीकारली आणि ४ जानेवारी १८९६ रोजी युटा हे राज्य झाले. मतदानाचा आणि अधिकारपदे धारण करण्याचा स्त्रियांचा समान हक्क त्याच्या घटनेतच नमूद होता.

त्याच वर्षीच्या निवडणुकीत डॉक्टर मार्था ह्यूज कॅनन या अमेरिकेतील कोणत्याही राज्याच्या सीनेटवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. एमेलिनबाई त्याच निवडणुकीत विरुद्ध पक्षाकडून उभ्या होत्या आणि पराभूत झाल्या. पक्ष भिन्न असले तरी ज्या हक्कासाठी दोघींनी श्रम केले होते तो एकच होता, आणि त्याचा उपयोग त्यांनी परस्परांविरुद्ध उभे राहून केला, यातच त्या हक्काची पूर्णता होती.

राष्ट्रीय आणि जागतिक संबंध

१८८८ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपासून सोसायटीचा राष्ट्रीय स्त्रीपरिषदेशी संबंध जडला, आणि १८९२ साली ‘नॅशनल वुमन्स रिलीफ सोसायटी’ या नावाने ती कायद्याने नोंदली गेली. एमेलिनबाई त्या वेळी मुख्य चिटणीस होत्या. ज्या काळात हे घडत होते त्याच काळात, १८८६ ते १८८८ या वर्षांत, आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या, आणि १८८९ च्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथाद्वारे तेथील स्त्रियांच्या संघटित उद्योगाची ओळख त्यांनी मराठी वाचकांस करून दिली होती. त्या विस्तीर्ण उद्योगातील एका शाखेचा हा इतिहास आहे, असे समजून मराठी वाचकाने तो वाचावा.

१८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनासाठी एमेलिनबाईंनी युटातील स्त्रियांच्या दानधर्मकार्याचा ग्रंथ संपादित केला. १८९९ साली लंडन येथील आंतरराष्ट्रीय स्त्रीपरिषदेत त्यांनी भाषण केले. अँथनीबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवशी, १९०० मध्ये, युटाच्या स्त्रियांनी स्वतः पिकविलेल्या आणि विणलेल्या काळ्या रेशमाचे वस्त्र त्यांना भेट पाठविले. रेशीमकिड्यांची जोपासना हाही सोसायटीच्या उद्योगांपैकी एक होता. अँथनीबाईंकडून स्मृतिचिन्ह म्हणून आलेली सोन्याची अंगठी एमेलिनबाईंनी अखेरपर्यंत जपली.

अध्यक्षपद आणि अखेर

१९१० साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, एमेलिनबाई सोसायटीच्या पाचव्या मुख्य अध्यक्ष झाल्या. एमा स्मिथ, एलायझा स्नो, झायना यंग आणि बॅथशेबा स्मिथ यांच्यानंतरचा हा क्रम. पाच फुटांहून कमी उंचीची ही कृश वृद्धा, फिकट रंगांची जुन्या धाटणीची वस्त्रे लेऊन, कचेरीत नियमाने येत असे. सर्वजण तिला ‘आँट एम’ म्हणत. १९१२ साली ब्रिगॅम यंग विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली, आणि हा मान त्या विद्यापीठाकडून मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. १९१४ साली ‘एक्स्पोनंट’ बंद झाले आणि पुढील वर्षापासून ‘रिलीफ सोसायटी मॅगझीन’ हे संस्थेचे स्वतःचे मासिक सुरू झाले. १९१९ साली ॲमी ब्राउन लायमन यांच्या देखरेखीखाली सोसायटीचा समाजसेवा विभाग निघाला आणि पूर्वी शेजारधर्म म्हणून होणाऱ्या मदतीस प्रशिक्षित कार्यकर्त्या लाभल्या. १९२० च्या ऑगस्टमध्ये सर्व अमेरिकन स्त्रियांस मताधिकार देणारी घटनादुरुस्ती संमत झाली, तीही त्यांनी डोळ्यांनी पाहिली.

प्रकृती खालावल्यामुळे १९२१ च्या एप्रिल महिन्याच्या आरंभी त्यांना पदावरून निवृत्त करण्यात आले आणि क्लॅरिसा विल्यम्स यांच्याकडे अध्यक्षपद गेले. एलायझाबाईंपासून प्रत्येक अध्यक्ष मृत्यूपर्यंत पदावर राहिल्या होत्या, त्यामुळे ही निवृत्ती त्यांना फार लागली. २५ एप्रिल १९२१ रोजी, वयाच्या त्र्याण्णवव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९२८ साली, त्यांच्या जन्मशताब्दीस, युटाच्या स्त्रियांनी राज्याच्या विधानभवनाच्या घुमटाखाली त्यांचा अर्धपुतळा बसविला.

या दीर्घ इतिहासाचे सार मागाहून विचार करता एकाच गोष्टीत आढळते. १८७० चा मताधिकार इतरांच्या हिशेबातून आला आणि इतरांच्या हिशेबाने गेला. १८९५ चा मताधिकार टिकला, कारण मधल्या पंचवीस वर्षांत सोसायटीच्या इतिवृत्तांनी, जमाखर्चाच्या वह्यांनी, धान्यकोठारांनी आणि एका पाक्षिकाच्या अखंड प्रकाशनाने हजारो स्त्रियांस कारभाराची सवय लागली होती. हक्क हाती येण्यापूर्वी जबाबदारी हाती घेतली गेली होती. एमेलिनबाईंचे थोरपण त्यांच्या वक्तृत्वापेक्षा या नित्यकर्मात आहे. आणि स्त्रियांची जी जी संस्था आपल्या सभासदांकडून केवळ वर्गणी न घेता त्यांस कारभारही शिकविते, ती त्यांच्या कार्याची खरी वारसदार होय.